तीन भाग, मेलेला नायक आणि मग आणखी दोन भाग: डिस्नीची ‘डेव्ही क्रॉकेट’

डेव्ही क्रॉकेट हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी शिकारी, सैनिक आणि खासदार. त्याच्यावरची डिस्नीची मालिका ‘डेव्ही क्रॉकेट’ बघायची म्हटलं की आधी ठरवावं लागतं, नेमकी कोणती. एकच माल दोन खोक्यांत मिळतो. एका खोक्यात १९५४-५५ साली एबीसी वाहिनीवर ‘डिझ्नीलँड’ या साप्ताहिक कार्यक्रमात दाखवलेले पाच भाग आहेत, प्रत्येकी साधारण ५० मिनिटांचे. दुसऱ्यात त्याच फिल्मला कात्री लावून थिएटरसाठी केलेले दोन सिनेमे आहेत. पहिल्या तीन भागांचा ९३ मिनिटांचा सिनेमा १९५५च्या मे महिन्यात आला, उरलेल्या दोन भागांचा ८१ मिनिटांचा १९५६मध्ये. सिनेमे सहज सापडतात म्हणून बहुतेक जण तेच बघतात आणि ‘बरा आहे, जुना आहे’ म्हणून सोडून देतात. खरी गंमत टीव्हीच्या भागांत आहे. वॉल्ट डिस्नीची प्रस्तावना धरून पहिल्या तीन भागांतला जवळपास तासभराचा ऐवज सिनेमात गळला, आणि कात्रीचा सगळ्यात मोठा घाव बसला तो निवांतपणावर. ही गोष्ट चावडीवर बसून सांगावी तशी रचलेली आहे, धावत सांगायला घेतली की तिची हाडं दिसतात.

तिची जोडणी कशी आहे ते बघा. एक प्रसंग संपला की डेव्हीच्या वहीचं पान उघडतं, त्यावर रेखाटन, आणि पाठीमागे पोवाड्यासारखं गाणं. दोन-चार ओळींत महिने-वर्षं उलटतात आणि पुढचा प्रसंग सुरू होतो. शाहीर लढाई रंगवून सांगतो आणि मधला प्रवास एका कडव्यात उरकतो, तोच हिशोब. ही युक्ती अडचणीतून आली. चित्रित केलेला मजकूर वेळेला पुरेना, म्हणून रेखाटनं वापरून जागा भरायची ठरली आणि त्यांना बांधून ठेवायला गाणं हवं झालं. पटकथाकार टॉम ब्लॅकबर्नने शब्द लिहिले, जॉर्ज ब्रन्सने चाल लावली. भोक बुजवायला केलेलं हे ठिगळ मूळ कापडापेक्षा जास्त गाजलं. बिल हेजने गायलेली तबकडी १९५५मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होती, आणि त्याच वर्षी खुद्द नायक फेस पार्करची आणि टेनेसी अर्नी फोर्डचीही आवृत्ती पहिल्या दहांत आली. गाण्यात डेव्ही डोंगरमाथ्यावर जन्मतो आणि तिसऱ्या वर्षी अस्वल मारतो. खरा क्रॉकेट १७ ऑगस्ट १७८६ रोजी पूर्व टेनेसीत नोलीचकी नदीच्या काठी, म्हणजे चक्क खोऱ्यात जन्मला.

पहिल्या तीन भागांचा क्रम असा. १५ डिसेंबर १९५४ला क्रीक या आदिवासींशी झालेल्या युद्धाचा भाग, २६ जानेवारी १९५५ला काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, २३ फेब्रुवारीला अलामोचा, म्हणजे टेक्सासमधल्या ज्या किल्ल्याला मेक्सिकोच्या सैन्याने वेढलं त्याचा. तिसऱ्या भागात नायक मरतो. दिग्दर्शक नॉर्मन फॉस्टर आणि निर्माता बिल वॉल्श यांनी तीन भागांत आयुष्य गुंडाळलं, आणि तोवर देशभरातली पोरं शेपटीवाल्या रॅकूनच्या टोप्या घालून फिरू लागली होती. कातडीचा भाव पौंडाला २५ सेंटवरून ८ डॉलरवर गेला असं तेव्हापासून सांगतात. हातात तीन भाग आणि एक मेलेला नायक, अशी आपली गत झाल्याचं वॉल्ट डिस्नीने पुढे स्वतःच सांगितलं. तोड साधी निघाली: गोष्ट मागे न्यायची. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५५मध्ये डेव्हीच्या आधीच्या दिवसांचे दोन भाग आले, एक होड्यांच्या शर्यतीचा आणि एक नदीवरच्या चाच्यांचा. धंद्याच्या निकडीतून झालेले हेच दोन भाग पाचांत सगळ्यात मोकळे आणि, विचित्र वाटेल, पण सगळ्यात प्रामाणिक आहेत.

आधी पहिला भाग. सुरुवात झकास आहे. डेव्ही अस्वलाला दात विचकून हसत हरवू बघतोय, तेवढ्यात सैन्याचा मेजर नॉर्टन येऊन सगळा मामला बिघडवतो, मग डेव्ही सुरी घेऊन झुडपात शिरतो. झुडूप हलतं, आवाज येतात, अस्वल आपण मनात बघतो. कमी पैशात केलेलं इतकं नेटकं काम आजही शिकण्यासारखं आहे. पार्कर सव्वासहा फुटांहून उंच, सावकाश बोलणारा टेक्सासचा गडी. त्याचं वजन आवाजात आहे, हातवाऱ्यांत नाही. शेजारी जॉर्ज रसेलच्या भूमिकेत बडी एब्सन. आधी नायक म्हणून एब्सनचाच विचार चालला होता, पण डिस्नीने एका मुंग्यांच्या भयपटातल्या दोन मिनिटांच्या भूमिकेत पार्करला पाहिलं आणि पारडं फिरलं. एब्सन मूळचा नर्तक. तो नुसता ओंडक्यावर बसला तरी लयीत बसतो, हे एकदा लक्षात आलं की त्याच्यावरून नजर हटत नाही.

पण इतिहास म्हणून हाच भाग सगळ्यात जास्त फसवतो. यातल्या खलनायकाचं नाव आहे ‘रेड स्टिक’. प्रत्यक्षात ‘रेड स्टिक’ असा कोणी सरदार नव्हता, ते क्रीक लोकांमधल्या एका गटाचं नाव होतं, त्यांच्या लाल रंगवलेल्या गदांवरून पडलेलं. ३० ऑगस्ट १८१३ला या गटाने फोर्ट मिम्स या वसाहतवाल्यांच्या गढीवर हल्ला केला आणि त्याच्या बदल्यासाठी टेनेसीतून जे स्वयंसेवक निघाले त्यांत क्रॉकेट होता, ९० दिवसांच्या बोलीवर. मालिकेत एका समाजातल्या यादवीचा एक माणूस होतो, आणि डेव्ही त्याच्याशी कुऱ्हाडीने द्वंद्व खेळून, त्याला जीवदान देऊन, हात मिळवून युद्ध मिटवतो. खऱ्या क्रॉकेटने १८३४च्या आत्मचरित्रात ३ नोव्हेंबर १८१३च्या टॅलुशाची या क्रीक गावावरच्या चढाईबद्दल जे लिहिलंय ते याच्या अगदी उलट आहे. ४६ योद्धे एका घरात शिरले आणि ते घर त्यांच्यासकट जाळलं. दुसऱ्या दिवशी भुकेल्या सैनिकांना त्या घराच्या तळघरात बटाटे सापडले, जळालेल्या माणसांची चरबी त्यांच्यावर गळून ते चरबीच्या मांसात शिजवल्यासारखे दिसत होते, आणि तरी ते खाल्ले गेले. हे त्याने स्वतः, आडपडदा न ठेवता लिहिलंय. घरी मुलांना पहिला भाग दाखवणार असाल तर बटाट्यांची गोष्ट सांगायची गरज नाही, पण ‘लढाई अशी दोन माणसांत मिटली नव्हती’ एवढं तरी जरूर सांगा.

या भागांचं बरंचसं चित्रण ग्रेट स्मोकी पर्वतात आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी गावाच्या परिसरात झालं, ते पडद्यावर कळतं. स्टुडिओतल्या कागदी खडकांमध्ये हे धुकं आणि ही ओली झाडी मिळत नाही. चित्रण सुरुवातीपासून रंगीत फिल्मवर केलं होतं, घरोघरी टीव्ही कृष्णधवल असतानासुद्धा. तो दूरदृष्टीचा खर्च ठरला, त्यामुळेच थिएटरचे सिनेमे निघू शकले. मात्र थिएटरच्या रुंद पडद्यासाठी चित्र वरून-खालून कापलं गेलं. टीव्हीच्या चौकोनी चौकटीत पार्करच्या टोपीवर जी मोकळी हवा दिसते, ती रुंद चौकटीत दिसत नाही.

बंदुकांकडे बारकाईने बघणाऱ्यांसाठी इथे चार शब्द जास्त. डेव्हीची ‘बेट्सी’ ही चकमकीची, ठासणीची लांब रायफल. तिचा एक बार काढायचा तर आधी ६० ते ७० ग्रेन, म्हणजे सुमारे चार ग्रॅम दारू मोजून नळीत ओतायची. मग तेल किंवा थुंकी लावलेल्या चिंधीत गोळी गुंडाळून तोंडाशी बसवायची आणि गजाने थेट तळापर्यंत ठासायची. गोळी मधेच अडकली आणि दारू व गोळीत पोकळी राहिली तर नळी फुटायची भीती. नंतर घोडा अर्ध्यावर चढवून काना, म्हणजे नळीबाहेरची छोटी वाटी, उघडायचा, त्यात चिमूटभर बारीक रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, घालायची, झाकण लावायचं, घोडा पूर्ण मागे आणि मग चाप. काना आणि नळी जोडणारं छिद्र काजळीने बुजलं असेल तर नुसती रंजक भुर्रकन पेटते, बार निघतच नाही. पावसात रंजक ओली झाली की बंदूक म्हणजे काठी. सगळं सुरळीत असलं तरी सराईत माणसालाही एका बाराला अर्धं मिनिट लागतं, आणि प्रत्येक बाराला समोर पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहतो. मालिकेतल्या मोठ्या लढायांत ठासणीचा हा वेळ कुठे जातो ते विचारू नका. मात्र शेवटच्या दृश्यात डेव्ही रिकामी बंदूक नळीकडून धरून गदेसारखी फिरवतो, ते निव्वळ नाटक नाही. शत्रू तटावर चढून दहा पावलांवर आल्यावर अर्धं मिनिट कोण देणार? ठासणीच्या बंदुकीचा तिथे तोच उपयोग उरतो.

दुसरा भाग पहिल्या तिनांत सगळ्यात चांगला आहे, कारण त्यात कुऱ्हाडीपेक्षा मोठं काहीतरी पणाला लागतं. गावगुंड बिगफूट मेसन एका चेरोकी कुटुंबाला जमिनीवरून हुसकावतो, डेव्ही त्याला भिडतो, तिथून न्यायाधीशपद, विधिमंडळ आणि वॉशिंग्टन. पत्नी पॉली वारल्याचं पत्र येतं तो प्रसंग पार्करने जवळजवळ काही न करता केलाय, आणि त्याच्या कामातला हा सर्वोत्तम क्षण आहे. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूचे लोक त्याला भाषणांच्या दौऱ्यावर लांब पाठवतात आणि पाठीमागे आदिवासींना हुसकावण्याचा कायदा रेटतात. रसेल धावत येऊन सांगतो, डेव्ही परत येऊन सभागृहात बोलतो. नाट्य चोख, पण वर्षांचा काला केलाय. तो कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाला, मे १८३०मध्ये. टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी एकट्या क्रॉकेटने त्याविरुद्ध मत दिलं, ही गोष्ट मात्र खरी आणि मोठी आहे. त्याची किंमत त्याने लगेच मोजली: १८३१ची निवडणूक हरला. १८३३मध्ये पुन्हा जिंकला, १८३५मध्ये पुन्हा हरला आणि मगच टेक्सासकडे वळला. मालिकेत भाषण केलं आणि निघाला, असं दिसतं. पॉली १८१५मध्येच गेली होती आणि वर्षभरात त्याने एलिझाबेथ पॅटन या विधवेशी लग्न केलं. जिने पुढचा सगळा संसार ओढला त्या एलिझाबेथला मालिकेने सरळ वगळलंय. विधुर नायक पडद्यावर जास्त शोभतो, हे कारण उघड आहे.

अलामोचा भाग देखणा आणि दाटीवाटीचा. वाटेत हान्स कॉनरीडचा जुगारी थिंबलरिग आणि ‘बस्टेड लक’ नावाचा कोमान्ची सोबतीला येतात, चौघे मिळून किल्ल्यात शिरतात. खरा क्रॉकेट १८३६च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्वयंसेवकांच्या टोळीबरोबर पोचला होता. वेढा २३ फेब्रुवारी ते ६ मार्च असा १३ दिवस चालला, ती दमवणारी वाट बघणं ५० मिनिटांत मावत नाही. एक रात्र मात्र मावते: उद्या काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असताना डेव्ही गिटार घेऊन घरच्या डोंगरांचा निरोप घेणारं गाणं म्हणतो, आणि कॅमेरा घाई करत नाही. मरण दाखवत नाहीत, बंदूक फिरवतानाच सोडतात. तो पकडला जाऊन नंतर मारला गेला की लढताना पडला, यावर इतिहासकारांचं भांडण अजून मिटलेलं नाही, त्यामुळे हा शेवट चलाखही आहे. मेक्सिकोने १८२९मध्ये गुलामगिरी बंद केली होती आणि टेक्सासमधल्या अँग्लो वसाहतवाल्यांना ती हवी होती, हा मुद्दा मात्र मालिकेच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. अलामोत लढलेला दुसरा नामांकित माणूस जिम बोवी इथे फक्त आजारी शूरवीर. तो गुलामांचा व्यापार करायचा हे वेगळं वाचावं लागतं.

आता ते मागे गेलेले दोन भाग. डेव्ही आणि रसेल हंगामाची कातडी विकायला न्यू ऑर्लीन्सला निघालेत. नदीचा राजा म्हणवणारा माइक फिंक भाडं अव्वाच्या सव्वा मागतो, रसेलला पाजून त्याच्याकडून पैज लावून घेतो आणि शर्यत जमते: फिंकची ‘गलीव्हंपर’ विरुद्ध म्हाताऱ्या कॅप्टन कॉबची ‘बर्था मे’. जेफ यॉर्कने केलेला फिंक लाल पीस लावलेली टोपी मिरवत इतक्या जोरात बोलतो की पार्करचं हळू बोलणं आपोआप विनोदी होतं. बोवी झालेला केनेथ टोबी इथे फिंकचा खलाशी जॉको म्हणून परत येतो. अलामोत मेलेला माणूस नावेवर बघून गोंधळू नका.

या नावा नीट बघाव्यात अशा आहेत. कीलबोट म्हणजे ४० ते ८० फूट लांब, ७ ते १० फूट रुंद, दोन्ही टोकांना निमुळती आणि तळाला मजबूत कणा असलेली नाव. सपाट तराफ्यासारख्या नावा न्यू ऑर्लीन्सला पोचल्यावर मोडून लाकूड म्हणून विकत, कीलबोट मात्र परत आणत. परत आणणं हीच खरी मेहनत. नावेच्या दोन्ही कडांनी फळ्यांची वाट असते. खलाशी नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, वासा नदीच्या तळाला रोवतो, दुसरं टोक खांद्याला लावतो आणि मागच्या टोकापर्यंत चालत जातो. माणूस मागे जातो तशी नाव पुढे सरकते. मग वासा उचलून पुन्हा नाळेकडे. पाणी खोल असेल तर काठावरून दोर लावून ओढायची. न्यू ऑर्लीन्सहून लुइव्हिलपर्यंत उलट यायला तीन-चार महिने लागत. प्रवाहाबरोबर जाताना प्रश्न वेगाचा नसतो, पाण्याखालच्या वाळूच्या ढिगांचा आणि बुडालेल्या झाडांचा असतो. म्हणून शर्यतीत ताकदीपेक्षा सुकाणूवाला महत्त्वाचा, आणि फिंक खोडी काढतो ती नेमकी सुकाणूशीच. पटकथेतल्या कोणाला तरी नदी कळत होती. चित्रणातल्या त्याच दोन नावा नंतर डिझ्नीलँड उद्यानात नेल्या आणि २५ डिसेंबर १९५५पासून लोकांना त्यांत बसवू लागले. १९९७मध्ये तिथली ‘गलीव्हंपर’ प्रवाशांसकट कलंडली.

पाचव्या भागात परतीच्या वाटेवर चाचे भेटतात. ते आदिवासींचा वेश घेऊन नावा लुटतात आणि आळ चिकासॉ लोकांवर येतो. त्यांचा अड्डा आहे केव्ह-इन-रॉक ही गुहा, ओहायो नदीवर इलिनॉयच्या काठाला, आणि चित्रण खरोखर तिथेच झालंय. सॅम्युअल मेसन आणि हार्प बंधू हे खरे दरोडेखोर आणि ही गुहा त्यांची खरी जागा, पण हिशोब करा: थोरला हार्प १७९९मध्येच मारला गेला, तेव्हा क्रॉकेट १३ वर्षांचा होता. याचं वाईट वाटत नाही, कारण हा भाग आपण इतिहास असल्याचा आव आणत नाही. क्रॉकेट मेल्यावरही त्याच्या नावाने पंचांगवजा पुस्तिका निघत राहिल्या, आणि त्यांत तो मगरीवर स्वार व्हायचा नि फिंकशी पैजा लावायचा. हे दोन भाग त्या बाजारू दंतकथांचे सरळ वारसदार आहेत. पहिला भाग खोटं बोलताना गंभीर चेहरा ठेवतो, हे दोन डोळा मारून बोलतात. चिकासॉ लोकांवरचा आळ खोटा ठरवणारी गोष्ट १९५५मध्ये दाखवली, हेही त्यांच्या खात्यात जमा धरायला हवं.

म्हणून क्रम: काळाप्रमाणे लावायचा मोह टाळा. नावांची शर्यत आधी बघितली तर नंतरचा अलामो विनाकारण जड होतो. प्रसारणाच्या क्रमानेच बघा. एकच भाग बघायला वेळ असेल तर चौथा, दोन असतील तर दुसरा आणि चौथा. पाचही एका बैठकीत नकोत, गाण्याचं तेच ते कडवं कानात रुतून बसतं.

पाचही टीव्ही भाग २००१च्या ‘वॉल्ट डिस्नी ट्रेझर्स’ मालिकेतल्या दोन डीव्हीडींच्या संचात आहेत, क्रमांक घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, सोबत फेस पार्करची मुलाखत. आता तो जुन्या बाजारातच मिळतो. घेताना दोन्ही तबकड्या आहेत का विचारा, कारण नुसता डबा विकणारेही असतात. तबकडी अमेरिकेची, म्हणजे तिथल्या प्लेअरपुरत्या बांधलेल्या रीजन एकची आणि तिथल्या टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीची. भारतातले प्लेअर रीजन पाचचे, तेव्हा रीजन-मुक्त प्लेअर लागेल. टीव्हीची चौकट चारास तीनवर लावा, नाहीतर सव्वासहा फुटी पार्कर आडवा पसरतो आणि रॅकूनची टोपी घमेल्यासारखी दिसते. ब्लू-रेवर फक्त दोन सिनेमेच आहेत. त्यांचं चित्र जास्त स्वच्छ आहे, पण कापलेला तासभर त्यात परत येत नाही.